शांत बसलेल्या खेळाडूचं काय?

आजचा विषय कळल्यावर इथल्या दोघातिघांनी मला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा व्हिडिओ गेमशी काय संबंध? संबंध आहे. कलाकृती कोणाची, हा आमचा जुनाच प्रश्न. तो हल्ली सगळ्यात जोरात गेमच्या बाबतीत विचारला जातो. कादंबरी छापली की छापली. नाटक प्रयोगागणिक थोडं हलतं. गेम मात्र आपण विकत घेतल्यावरही बदलत राहतो. रात्री खेळलात तो एक, सकाळी अपडेट झाल्यावर दुसरा. आणि हे बदल पुष्कळदा खेळणाऱ्यांच्या सांगण्यावरून झालेले असतात.

उदाहरण आपल्या पुण्याचंच घेऊ. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीनं 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम केला. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर, आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. गोष्ट साधी आहे. राजी नावाची मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, त्याला शोधत ती निघते. दुर्गा आणि विष्णू ही गोष्ट आपल्याला सांगत असतात. वाडे-किल्ले राजस्थानी वळणाचे, रंग लघुचित्रांसारखे.

तक्रारी प्रामुख्यानं तीन आल्या. लढाई अडखळते, शेवट तुटल्यासारखा होतो, आणि आपले देव इंग्रजीत का बोलतात? २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाई सफाईदार केली, कथेची दृश्यं नव्यानं हलती-बोलती केली, हिंदी आवाज दिले. गोष्ट तीच ठेवली.

आता या तिन्ही तक्रारींना आपण एकच शब्द वापरतो, 'फीडबॅक'. माझा आक्षेप इथेच आहे. लढाई अडखळते ही कारागिरीची तक्रार. चपला चावतात हे घालणाराच सांगणार, तिथे चांभारानं वाद घालू नये. देवांच्या भाषेची तक्रार वेगळी. ती कृतीला विचारते, तू कोणाशी बोलतेयस? जगभर विकायचं म्हणून इंग्रजी, हा व्यवहार मला समजतो. पण हा प्रश्न मुळात निर्मात्यांना पडायला हवा होता, आणि खेळणाऱ्यांनी तो विचारला हे फार चांगलं झालं. शेवटाची तक्रार मात्र तिसऱ्याच जातीची. 'शेवट मला आवडला नाही' आणि 'शेवट चुकला आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. कांटनं हा भेद घातला तो गेमसाठी नव्हे, पण इथे चपखल बसतो. मला आवडलं नाही, यावर कोणी वाद घालू शकत नाही. चुकलं म्हणालात की कारणं द्यावी लागतात.

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचं प्रकरण आठवा. मार्च २०१२ मध्ये 'मास इफेक्ट ३' आला. शेवटी तीन वाटा, पण तिन्हींचा शेवट जवळजवळ सारखाच, रंग तेवढा वेगळा. चाहत्यांनी वर्गणी काढून कंपनीला ४०२ कपकेक पाठवले! लाल, निळे, हिरवे, आणि चव सगळ्यांची एकच. याला मी समीक्षा म्हणतो, आणि उत्तम समीक्षा. कारण त्यात युक्तिवाद आहे: तुम्ही निवड देतो म्हणालात, दिली नाहीत. जूनमध्ये कंपनीनं शेवटाची विस्तारित आवृत्ती फुकट दिली. मूळ शेवट बदलला नाही, उलगडून दाखवला. मला ते योग्य वाटतं.

स्पर्धेच्या गेमची गोष्ट निराळी. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला, त्याआधी खेळाडूंकडून तो खेळवून घेतला. तिथे एखादी बंदूक भारी पडते की नाही, हे खेळून बघणाऱ्यांनीच ठरवावं. कबड्डीचे नियम कोणी एकट्यानं घरी बसून करत नाही. गोष्ट सांगणाऱ्या गेमला हा न्याय लावला की घोटाळा होतो.

आणि बोलतं कोण, हेही बघा. ज्यांनी आधी पन्नास परदेशी गेम खेळलेत, ते तक्रार करणार ती त्या पन्नासांशी तुलना करून. त्यांचं सगळं ऐकलं तर एकावन्नावा तसाच होईल. पहिल्यांदाच गेम हातात घेतलेली मुलगी, किंवा तिच्याशेजारी बसून दुर्गेची गोष्ट ऐकणारी आजी, काही लिहून पाठवत नाही.

भरतमुनींनी 'नाट्यशास्त्रा'त प्रयोगाच्या यशाचा, सिद्धीचा, अख्खा अध्याय दिला आहे. मानुषी सिद्धीत सगळी दाद आहे: हसणं, वाहवा, अंगावर काटा, वस्त्रं-अंगठ्या फेकणं. बालगंधर्वांच्या 'वन्स मोअर'ची जागाही तिथेच. पण त्यापलीकडे दैविकी सिद्धी सांगितली आहे. तिची खूण अशी की प्रेक्षागृह भरलेलं आहे आणि आवाज नाही, चुळबूळ नाही. थोडक्यात, सर्वोच्च दाद मोजता येत नाही. गेम कंपनीच्या आकड्यांत रंगून गप्प झालेला आणि कंटाळून गप्प झालेला, दोघं सारखेच दिसतात.

'राजी'मध्ये भिंतींवर चित्रं आहेत. राजी जवळ गेली की देव त्या चित्रांमागची कथा सांगतात. लढाई नाही, गुण नाहीत, काही मिळत नाही. घाईतला खेळाडू तिथून पुढे पळतो. दुसरा एखादा भिंतीपाशी थांबतो, कथा संपल्यावरही तसाच उभा राहतो. आकडेवारी त्याच्याबद्दल एवढंच नोंदवील, की या वेळात खेळाडूनं एकही बटण दाबलं नाही.