ठिपके आणि दाब

सोमेश्वरनगरला आजोबांच्या ट्रंकेत दोन सह्या आहेत. मधुबालाच्या फोटोवरची त्यांची लाडकी. दिवाळीत मोबाईलवर झूम करून पाहिली, तर सहीची रेघही चेहऱ्यासारखीच बारीक ठिपक्यांची निघाली. म्हणजे छापील. खरी शाई कागदात मुरते, वळणावर दाटते, पेन उचललं की निमुळती होते.

दुसरी सही निळू फुले यांची. 1978च्या उसाच्या वजनपावतीमागे, बॉलपेनने, वर आजोबांचं नाव. पावती उलटून बोट फिरवलं की दाब लागतो. एवढ्यावरून ती हाताने लिहिलीय इतकंच कळतं. हात कुणाचा, हे त्याच काळातल्या त्यांच्या दुसऱ्या सह्यांशी ताडूनच ठरेल. ते काम बाकी आहे.

नाव घालून दिलेल्या सहीला बाजारात बहुधा कमी भाव. परक्याचं नाव कुणाला हवंय? मला मात्र तीच आवडते. 1975 साली बर्लिन महोत्सवात गेलेल्या 'सामना'त निळूभाऊ साखरसम्राट हिंदूराव होते, आणि आमच्या माणसाने त्यांच्यापुढे कारखान्याचीच पावती धरली! सह्या खपवणाऱ्याला हा विनोद सुचला नसता.

ठिपक्यांचं आजोबांना सांगायचं कसं, तेवढंच ठरत नाहीये.