स्कार्फ, हूड आणि उपरणे : नागपूरच्या विद्यापीठीय पोषाखाचा अन्वयार्थ

प्रस्तावना

विद्यापीठीय पोषाख हा केवळ शोभेचा विषय नसून ज्ञानसंस्थेत कोणाला स्थान आहे, हे सांगणारी ती एक चिन्हव्यवस्था आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे अशी दोन चिन्हे आढळतात. गाऊनवर पाठीशी रुळणारा हूड पदवी दर्शवितो. तर लोकरी, पट्टेदार स्कार्फ विद्यार्थ्याचे महाविद्यालय दर्शवितो. भारतात हूड आला, स्कार्फ मात्र रुजला नाही.

संलग्नतेची रचना

याचे कारण विद्यापीठाच्या घडणीत शोधावे लागते. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि परीक्षा व पदवी विद्यापीठाने द्यावी, अशी ही रचना होती. नागपूरची हिस्लॉप (१८८३) व मॉरिस (१८८५) ही महाविद्यालये प्रथम कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. १९२३ मध्ये ६ महाविद्यालये व ९२७ विद्यार्थी घेऊन नागपूर विद्यापीठ सुरू झाले, तेव्हाही हीच रचना कायम राहिली. साहजिकच दीक्षान्त पोषाखात महाविद्यालयाच्या रंगाला जागा उरली नाही.

ही उणीव मानावी काय? स्कार्फचे रंग आपलेपणा देतात, तसेच श्रेणीही लावतात. उलट, एकसारख्या गाऊनमध्ये नामांकित महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि गोंदिया-भंडाऱ्याकडील खेड्यातून आलेला विद्यार्थी यांत भेद दिसत नाही. ही समता गौण नव्हे.

पर्यायाचा विचार

२०१० मध्ये भोपाळ येथील समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गाऊन उतरवून ती वसाहतवादाची खूण ठरविली. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दीक्षान्त समारंभासाठी हातमागाच्या वस्त्रांचा आग्रह धरला. ही भूमिका समर्थनीय असली तरी एकांगी आहे. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सन्माननीय पदवी दिली, त्या वेळचे गाऊनमधील त्यांचे छायाचित्र दीक्षाभूमीच्या या नगरीत केवळ वसाहतीची खूण म्हणून पाहता येणार नाही. ज्या समाजाला शिक्षण नाकारले गेले, त्याच्या दृष्टीने तो पोषाख म्हणजे मिळविलेला अधिकार होय.

समारोप

गाऊनचा खरा दोष त्याच्या परकेपणात नसून उसनेपणात आहे. अनामत भरून घेतलेले वस्त्र सायंकाळी परत करावे लागते. विश्वभारतीत स्नातकाच्या हाती सप्तपर्णीचे पान देण्याची परंपरा रुजली. ते पान त्याचेच राहते. विदर्भात भंडाऱ्याच्या टसर विणकामाची परंपरा आहे. सर्वांना एकसारखे, परंतु घरी नेता येईल असे हातमागाचे उपरणे देता आले, तर हूडातील समता आणि स्कार्फातील आपलेपणा यांचा मेळ बसेल. मात्र त्याचा खर्च विद्यार्थ्यावर पडता कामा नये. अन्यथा स्वदेशीच्या नावाने नवी श्रेणीच निर्माण होईल.