टॉवेलाखालचा हात

‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या १ एप्रिल १९९८ च्या अंकात एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या चार लेखकांपैकी एक होती एमिली रोझा. निबंध छापून आला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि त्यातला प्रयोग सुरू केला तेव्हा नऊ वर्षांची, म्हणजे चौथीत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने तो केला होता. चौथीतल्या मुलीचा प्रकल्प थेट वैद्यकीय नियतकालिकात जातो, ही गोष्ट कोणाही विज्ञानशिक्षकाला वर्गात सांगाविशी वाटेल, आणि ती सांगण्याजोगी आहेच. मात्र सांगताना बहुधा ‘एका चिमुरडीने भोंदूपणाचा फुगा फोडला’ असा तिचा शेवट होतो. फुगा कोणता होता, टाचणी नेमकी कुठे लागली आणि कुठे लागली नाही, हे बाजूलाच राहते. म्हणून गोष्ट थोडी बाजूला ठेवून निबंधच वाचून पाहू.

आधी उपचार काय होता ते पाहायला हवे. ‘थेराप्युटिक टच’ असे त्याचे नाव. नावात स्पर्श असला तरी उपचारात बहुधा स्पर्श नसतो. उपचार करणारी व्यक्ती, बहुतेक वेळा परिचारिका, आपले तळहात रुग्णाच्या अंगावरून काही सेंटिमीटर वरून फिरवते. माणसाच्या शरीराभोवती एक ऊर्जाक्षेत्र असते, आजारपणात ते विस्कटते, हातांना ते विस्कटणे ऊब, गारवा, मुंग्या किंवा जडपणा अशा रूपात जाणवते आणि हात फिरवून ते पुन्हा सारखे करता येते, असा दावा असतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका डोलोरेस क्रीगर आणि त्यांच्या सहकारी डोरा कुंझ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली. कुंझ थिऑसॉफिस्ट होत्या आणि पुढे अमेरिकेतील थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षाही झाल्या. क्रीगर यांनी या ऊर्जेचे स्पष्टीकरण देताना आपलाच ‘प्राण’ हा शब्द वापरला. म्हणजे शब्द इथून गेला, न्यूयॉर्कच्या विद्यापीठात त्याला पदवी मिळाली आणि आता तो ‘अमेरिकेतसुद्धा मानतात’ असा शिक्का घेऊन आपल्याकडे परत यायला मोकळा आहे. अशा परतीच्या प्रवासात शब्दाचा अर्थ किती बदलतो हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ही काही चार-दोन हौशी मंडळींची गोष्ट नव्हती. परिचारिकांच्या अभ्यासक्रमांत ती शिकवली जाई, कित्येक रुग्णालयांत चाले. १९९४ साली उत्तर अमेरिकेतील परिचर्या-निदानांच्या अधिकृत यादीत ‘ऊर्जाक्षेत्रातील बिघाड’ हे एक निदान म्हणून दाखल झाले. ताप, निर्जलीकरण, तसाच ऊर्जाक्षेत्रातील बिघाड! ज्या गोष्टीचे निदान रुग्णाच्या कागदपत्रांवर लिहायचे, ती गोष्ट निदान करणाऱ्याला खरोखर जाणवते का, हे तपासून पाहण्याचे काम मात्र एका विद्यार्थिनीसाठी शिल्लक राहिले होते.

एमिलीची आई लिंडा रोझा स्वतः परिचारिका आणि या उपचाराची कडवी टीकाकार. घरी या उपचाराची चित्रफीत पाहताना मुलीला प्रश्न सुचला. तिने ‘यामुळे रोगी बरा होतो का?’ असे विचारले नाही. ते तपासायला रुग्ण हवेत, डॉक्टर हवेत, पैसा हवा. ‘तुम्हांला ते क्षेत्र जाणवते म्हणता ना? मग माझा हात कुठे आहे ते न पाहता सांगा,’ एवढेच तिने विचारले. मोठ्या दाव्यातला असा एक दुवा तिने धरला की जो टेबलावर तपासता येतो आणि जो तुटला तर पुढची साखळी लोंबकळते. प्रश्नाची ही निवड हाच माझ्या मते या निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग. आपल्या प्रदर्शनांतून ज्वालामुखी आणि पवनचक्क्या पुष्कळ मांडल्या जातात, असा प्रश्न क्वचितच.

प्रयोगाची मांडणी अशी. टेबलावर पुठ्ठ्याचा उभा पडदा. त्याला खाली दोन भोके. उपचारकाने दोन्ही हात भोकांतून पलीकडे काढून तळवे वर करून ठेवायचे. भोकांतून दिसू नये म्हणून हातांवर टॉवेल. पलीकडे बसलेली एमिली नाणे उडवून ठरवणार की आपला उजवा हात समोरच्याच्या डाव्या हातावर धरायचा की उजव्या. मग आठ ते दहा सेंटिमीटरवर हात धरून ती विचारणार, ‘कोणता?’ प्रत्येकाला दहा संधी.

१९९६ मध्ये १५ जणांची परीक्षा झाली. १५० पैकी ७० उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४७ टक्के. १९९७ मध्ये १३ जणांना, त्यांत सात जुनेच, पुन्हा बसवले. या वेळी दूरचित्रवाणीसाठी चित्रण होत होते. पहिल्या फेरीनंतर आलेल्या तक्रारी ध्यानात घेऊन या खेपेला उपचारकांना एमिलीच्या दोन्ही हातांचे ‘क्षेत्र’ आधी अजमावून कोणता हात वापरायचा ते निवडण्याची मुभाही दिली होती. १३० पैकी ५३ बरोबर, म्हणजे ४१ टक्के. एकूण २१ उपचारक, २८० प्रयत्न, १२३ बरोबर उत्तरे, ४४ टक्के. एक वर्षाचा अनुभव असलेल्यांपासून सत्तावीस वर्षांचा अनुभव असलेल्यांपर्यंत सर्व प्रकारचे लोक त्यांत होते, पण अनुभवाने काही फरक पडलेला दिसला नाही.

आता टीका. १२३ हा आकडा जरा निरखून पाहा. नुसत्या अंदाजाने २८० पैकी सरासरी १४० उत्तरे बरोबर यावीत. प्रमाणित विचलन येते साधारण ८.४. म्हणजे निकाल अपेक्षेपेक्षा १७ ने, सुमारे दोन विचलनांनी, खाली आहे. कुठल्याही बाजूला इतके दूर जाण्याची वेळ योगायोगाने सुमारे वीसांतून एकदा येते. समजा, हेच १७ वरच्या बाजूला असते आणि १५७ उत्तरे बरोबर आली असती, तर उपचारकांनी ‘पाच टक्क्यांच्या पातळीवर सिद्ध’ म्हणून ढोल वाजवले असते आणि ‘वीसांत एकदा असे व्हायचेच’ असे आपण त्यांना समजावले असते. तोच न्याय इथेही लावायला हवा. ‘अंदाजापेक्षाही वाईट’ असे हिणवण्यात अर्थ नाही. जाणीव दिसून आली नाही, इतकेच या आकड्याचे म्हणणे आहे, आणि ते पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाणे उडवणारी, हात धरणारी आणि उत्तर नोंदवणारी एमिलीच. लेखकांतली तिची आई आणि स्टीफन बॅरेट हे या उपचाराचे जाहीर विरोधक. प्रयोगकर्त्याला उत्तर ठाऊक असू नये हा नियम विरोधकांनाही लागू आहे. नाणे तिसऱ्याने उडवायचे आणि नोंद चौथ्याने करायची, एवढे सहज करता आले असते. तरीही हा आक्षेप निकाल कोसळवत नाही. एमिलीच्या हावभावांतून काही कळत असते तर बरोबर उत्तरे वाढली असती, आणि आधी क्षेत्र अजमावून पाहणाऱ्या उपचारकांपैकी कोणी तिच्या हाताभोवती क्षेत्रच नाही अशी तक्रार केल्याचेही निबंधात नाही.

इथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने एक शंका काढायला हवी. निवांत बसलेला प्रौढ माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. तळहात जवळ आणला तर नुसत्या उबेने तो जाणवू शकतो. म्हणजे उपचारकांनी २८० पैकी २५० उत्तरे बरोबर दिली असती तरी ऊर्जाक्षेत्र सिद्ध झाले नसते. आधी ऊब, हवेची हालचाल, कपड्याची सळसळ हे सारे वगळावे लागले असते. अपयशाचा अर्थ मात्र सरळ लागतो. यश आणि अपयश यांचे पुराव्याच्या तागडीतले वजन सारखे नसते, हे दाखवायला याहून सोपे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता निष्कर्ष. उपचारकांचा दावा निराधार आहे आणि या पद्धतीचा व्यावसायिक वापर पुढे चालू ठेवणे समर्थनीय नाही, असे दोन भाग त्यात आहेत. पहिला भाग प्रयोगातून निघतो. दुसरा तितका थेट निघत नाही. क्षेत्र जाणवत नाही म्हणून रुग्णाला बरे वाटत नाही, असे होत नाही. त्याच्याजवळ कोणी वीस मिनिटे शांतपणे बसते, त्याच्याकडे लक्ष देते, एवढ्यानेही वेदना थोडी हलकी वाटू शकते. हा भेद १७८४ सालीच पॅरिसमध्ये झाला होता. मेस्मरच्या ‘प्राणिचुंबकत्वा’ची चौकशी करायला सोळाव्या लुईने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. त्यांनी ‘रोगी बरे झाले का?’ या वादात न शिरता ‘ते द्रव्य आहे का?’ हा प्रश्न वेगळा काढला. डोळे बांधलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला बागेतल्या झाडांपाशी नेले. त्यांतले एकच झाड ‘भारलेले’ होते. मुलगा मूर्च्छा येऊन पडला तो भलत्याच झाडाखाली. मूर्च्छा खरी होती, द्रव्य नव्हते. एमिलीच्या निबंधात हा दुसरा प्रश्न उघडा राहतो हे लेखकांनी मोकळेपणाने लिहिले असते तर निबंध अधिक भक्कम झाला असता.

आपल्याकडेही याच घराण्यातला एक प्रयोग झाला आहे. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन त्या ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के होते. तिथेही दुवा नेमका निवडला होता.

रोगी बरे होतात का, या उघड्या प्रश्नाचे पुढे काय झाले? डॅनियल विर्थ या संशोधकाने १९९० मध्ये या उपचाराने जखमा लवकर भरतात असे दाखवणारा प्रयोग प्रसिद्ध केला होता. इतरत्र त्याला आधार मिळेना. हाच विर्थ २००१ मध्ये एका गाजलेल्या निबंधाचा सहलेखक होता. परक्या लोकांनी दुरून प्रार्थना केल्यावर कोरियातील स्त्रियांमध्ये कृत्रिम गर्भधारणेचे यश २६ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जाते, असे त्यात म्हटले होते. २००४ मध्ये वेगळ्याच आर्थिक फसवणुकीच्या प्रकरणात विर्थने गुन्हा कबूल केला. त्यामुळे त्याचे प्रयोग आपोआप खोटे ठरत नाहीत, पण दुसऱ्या कोणाला न आलेल्या निकालावर किती भार टाकायचा हा प्रश्न उरतोच. जखमांवरील पुराव्यांचा कॉक्रेन आढावा तर या प्रयोगांविषयीच्या शंकांमुळे २०१६ मध्ये मागे घेण्यात आला.

प्रार्थनेची मोठी चाचणी हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १८०२ रुग्ण, सहा रुग्णालये. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना खात्रीने ठाऊक नव्हते त्यांच्यात ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. प्रार्थना न झालेल्यांत ५१ टक्क्यांना. आणि आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना ठामपणे सांगितले होते त्यांच्यात ५९ टक्क्यांना! मांडणी काटेकोर असूनही मला या चाचणीत एक मूलभूत अडचण दिसते. दुसऱ्या गटातल्या रुग्णांच्या बायकामुलांनी देवाला हात जोडू नयेत अशी व्यवस्था कोण करणार? म्हणजे मोजली गेली ती प्रार्थना नव्हे, काही परक्या माणसांच्या प्रार्थनेची वरची भर. ही मात्रा ग्रॅममध्ये की मिनिटांत, हेही कोणी सांगू शकत नाही. एमिलीच्या पुठ्ठ्याच्या पडद्यापाशी निदान काय मोजतो आहोत ते स्वच्छ होते.

इस्रायलचे लायबोविची यांनी २००१ मध्ये या प्रकाराचे टोक गाठले. चार ते दहा वर्षांपूर्वी रक्तातील जंतुसंसर्गाने रुग्णालयात येऊन गेलेल्या ३३९३ रुग्णांच्या नोंदींचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि एका गटासाठी २००० साली प्रार्थना करवली. प्रार्थना झालेल्या गटाचा ताप आणि रुग्णालयातला मुक्काम संख्याशास्त्रीय दृष्ट्या कमी निघाला. रुग्ण घरी गेल्यावर काही वर्षांनी केलेल्या प्रार्थनेने! हा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात आला, ज्यात असे मिश्कील लेखन छापण्याची प्रथा आहे. काहींनी तो गंभीरपणे घेतला, तेव्हा आपला रोख संशोधनपद्धतीवर होता, असे त्यांना नंतर सांगावे लागले.

ज्यांना वर्गात पडद्याचा प्रयोग करायचा असेल त्यांच्यासाठी दोन सूचना. नाणे उडवणारा आणि हात धरणारा वेगळे ठेवा, आणि हात धरणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. अंतर दहा सेंटिमीटरवरून पाचवर आणून उत्तरे सुधारतात का पाहा. सुधारली तर मध्ये काचेची तावदानपट्टी धरून पुन्हा मोजा. आणि दहापैकी आठ किंवा जास्त उत्तरे नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६ आहे, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोनेक मुले निघणारच. त्यांचे कौतुक लगेच करू नका. पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा दहा संधी द्या आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.