गायचं कोणी?

रेव्हरंड गॅरी डेव्हिसला आदरांजली वाहणाऱ्यांची सध्या रांग लागली आहे. कोणी त्याच्या जन्मदिवसाचं निमित्त काढतो, कोणी नव्या गिटारचं, कोणाला निमित्तही लागत नाही. गिटार मांडीवर, अंगठ्याला प्लॅस्टिकचं पिक, तर्जनीला धातूचं, की झालं सुरू. मग ही वादनं एकमेकांना पाठवायची आणि एकमेकांच्या अंगठ्याची वाहवा करायची. अशी वादनं अलीकडे मी पुष्कळ ऐकली. हात तयार आहेत, यात शंका नाही. काहींचे तर इतके तयार की १९६०च्या ‘हार्लेम स्ट्रीट सिंगर’मध्ये एखादा स्वर निसटला असेल तर तोही ते जसाच्या तसा निसटवून दाखवतात. पण ‘डेथ डोन्ट हॅव नो मर्सी’ पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ओठ मिटून वाजवायचं आणि संपल्यावर कॅमेऱ्याकडे बघून मंद हसायचं, हे लागोपाठ पाहिल्यावर माझा संयम सुटला. घरोघरी मृत्यू येऊन गेल्याचं गाणं आहे ते. हसताय काय?

डेव्हिस कोण, दक्षिण कॅरोलायनातून डरहॅमला आणि तिथून न्यूयॉर्कला कसा आला, हे या वाचकांना सांगायला नको. सांगायचं आहे ते फुटपाथबद्दल. हार्लेमच्या रस्त्यावर हा आंधळा धर्मोपदेशक वर्षानुवर्षं उभा राहून गायला. चर्चमध्ये उपदेशकाच्या प्रत्येक वाक्यामागे समोरची मंडळी हुंकार देतात, ‘आमेन’ म्हणतात, अर्धं वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊन पुरं करतात. फुटपाथवर अशी मंडळी नसते, येणारे-जाणारे असतात. म्हणून डेव्हिसने ती सगळी मंडळी आपल्या भल्यामोठ्या गिब्सनच्या सहा तारांत बसवली. शाहिरामागे झीलकरी असावेत तशी ती गिटार आहे. शाहिराने ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ती उचलायची, कधी लांबवायची, कधी त्याला मध्येच तोडून पुढे ढकलायचं. ‘सॅमसन अँड डिलायला’ ऐका. डेव्हिस ओरडून ओळ सोडतो आणि तिचा शेवट गिटार करते. बेसच्या तारा मध्येच अडखळल्यासारख्या दोनदा वाजतात, कारण गाणाऱ्याने तिथे श्वास घेतलेला असतो. आता यातून शाहीर वजा करा. उरतो नुसता ‘जी जी जी’चा गजर, आणि आपले आदरांजलीवाले तोच अचूक वाजवून दाखवताहेत.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं आणि ते आपल्याकडचेच रसिक देतात: वाद्याला गाता येत नाही का? गायकी अंग म्हणजे काय, हे विलायत खाँनी दाखवलं नाही का? दाखवलं ना. आणि भर मैफलीत सतार थांबवून बंदिशीची ओळ गळ्याने म्हणूनही दाखवली. पण मुद्दा तो नाही. गायकी अंगात वाद्य गवयाच्या जागी येऊन बसतं. आलाप, मींड, बोलाची वळणं, सगळा भार ते स्वतःवर घेतं. डेव्हिसची गिटार गवयाच्या जागी नाहीच. ती समोर बसलेल्यांच्या जागी आहे. तिने जे वाजवलंय ते उत्तर आहे. प्रश्न विचारणारा गप्प असताना उत्तरं देत सुटलेल्या माणसाला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

हे असं झालं कसं, याचा इतिहास फार जुना नाही. पन्नास-साठच्या दशकांत न्यूयॉर्कची पोरं डेव्हिसच्या घरी शिकायला जाऊ लागली. शिकवणी पाच डॉलर, आणि वेळेचा हिशेब नाही. सकाळी गेलेला मुलगा संध्याकाळी बाहेर पडायचा. स्टीफन ग्रॉसमनने त्या शिकवण्या ध्वनिमुद्रित केल्या आणि पुढे त्यांची पुस्तकं, टॅब, धडे काढून हा सगळा ठेवा जगापुढे आणला. त्याचे उपकार मोठे आहेत; तो नसता तर आज या गाण्यांची बोटं निम्म्याहून अधिक हरवली असती. पण टॅबला सहा रेघा असतात, एका तारेला एक. गळ्यासाठी सातवी रेघ कोणी आखली नाही. ज्यांनी डेव्हिसच्या खोलीत बसून त्याचा खरखरीत आवाज कानावर घेतला, त्यांना ती रेघ दिसत होती. टॅबवरून शिकलेल्यांच्या पुढच्या पिढीला ती असते हेच ठाऊक नाही. यॉर्मा कौकोनेन हा पहिल्या प्रकारातला नव्हे. त्याला ही गाणी दुसऱ्याकडून मिळाली. तरीही १९७०च्या पहिल्या ‘हॉट ट्यूना’ तबकडीवर तो ‘डेथ डोन्ट हॅव नो मर्सी’ गातो. आवाज काही मोठा नाही. पण गातो, आणि म्हणून गिटारला बोलायला कारण मिळतं.

आणि ‘जसंच्या तसं’ म्हणजे तरी कुठलं? १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्याची पहिली मुद्रणं झाली: दोन ब्लूज, बाकी सगळी देवाची गाणी. त्यातलं ‘ट्वेल्व गेट्स टू द सिटी’ ऐका आणि त्याच गाण्याची पंचवीस-तीस वर्षांनंतरची रूपं ऐका. अंगठ्याची चाल बदललेली, मधले तुकडे बदललेले, लय बदललेली. त्या त्या दिवशी गळ्याने जे मागितलं ते बोटांनी दिलं. त्यातला एक दिवस गोठवून त्याची पूजा करणं म्हणजे एका चालत्या माणसाचा फोटो घेऊन त्याच्या पायांची लांबी मोजत बसणं.

ब्लाइंड विली जॉन्सनची कथा याहून वाईट आहे, कारण त्याच्या एका गाण्याने वादकांना पळवाट दिली आहे. ३ डिसेंबर १९२७ला डॅलसमध्ये त्याने एका दिवसात सहा गाणी मुद्रित केली. त्यात ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’ होतं, ‘मदर्स चिल्ड्रन हॅव अ हार्ड टाइम’ होतं, आणि ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ होतं. हे शेवटचं १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं आणि तेव्हापासून पृथ्वीवरच्या प्रत्येक स्लाइड वादकाने ते वाजवायचं मनावर घेतलं. त्यात शब्द नाहीत ना, मग प्रश्नच मिटला! शब्द नाहीत हे खरं. पण आवाज आहे, अख्ख्या तबकडीभर आहे. नाव अठराव्या शतकातल्या एका इंग्रज पाद्र्याच्या स्तोत्रातलं. अशी स्तोत्रं काळ्यांच्या चर्चमध्ये एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती ताणत, कण्हत, एकमेकांच्या मागेपुढे होत गायची, अशी रीत. जॉन्सनचं कण्हणं तिथून आलं आहे. त्याचा गळा आणि काचेसारखी घासत जाणारी स्लाइड एकमेकांना इतकी चिकटून चालतात की पुढे कोण आणि मागे कोण हे कळत नाही. त्यातला गळा काढून टाकणारे नेमकं काय वाजवतात?

तुम्ही राय कूडरचं नाव घ्याल, माहीत आहे. ‘पॅरिस, टेक्सस’ या १९८४च्या चित्रपटाचं संगीत त्याने याच गाण्यावर उभं केलं आणि त्या गाण्यावरच्या तुकड्यांत कोणी गात नाही. ते संगीत मला आवडतं. पण तिथे चित्रपट आहे. वाळवंटात चालणारा, बराच काळ तोंडातून शब्द न काढणारा माणूस पडद्यावर आहे आणि त्याच्या न बोलण्याला ती गिटार उत्तर देते. विश्वमोहन भट्टांबरोबरच्या १९९३च्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’मध्येही कूडर एकटा नाही, समोर मोहनवीणा आहे, विचारणारा आहे. कूडरला हे कळतं. त्याच्या नावावर खपवली जाणारी एकटी, उसासे टाकणारी, भरपूर घुमाव मिसळलेली स्लाइड मात्र कोणाशीच बोलत नसते.

जॉन फेही आणि त्याच्या वंशजांबद्दल इतकंच म्हणतो की ते दुसरं संगीत आहे. गिटारच्या पोटावर थापा मारून भजनं वाजवणाऱ्यांबद्दल तेवढंही म्हणत नाही. रोझेटा थार्पवर हल्ली सगळेच लिहितात, त्यांना लिहू दे.

मला वेळ द्यायचा आहे तो २०१६च्या ‘गॉड डोन्ट नेव्हर चेंज’ या जॉन्सनच्या गाण्यांच्या तबकडीला, कारण आदरांजली कशी वाहावी याचा तो जवळजवळ धडा आहे. टॉम वेट्स घशातून खडी दळल्यासारखा गातो, आणि जॉन्सनच्या मुद्दाम जाड केलेल्या आवाजाची नक्कल न करताही त्याच्या शेजारी उभा राहतो. डेरेक ट्रक्स आजच्या सर्वोत्तम स्लाइड वादकांपैकी एक. एकट्याने सगळं खाऊन टाकण्याची ताकद असलेला. पण ‘कीप युवर लॅम्प ट्रिम्ड अँड बर्निंग’मध्ये तो सुझन टेडेस्कीच्या आवाजामागे राहतो आणि नेमक्या जागी दोन स्वर टाकून बाजूला होतो. रिकी ली जोन्सने तर ‘डार्क वॉज द नाइट’सुद्धा गळ्यावर घेतलं. ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामाने जे केलं ते सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी हे संगीत कधी आदरांजलीचा विषय झालंच नाही, ते रोजचं काम होतं. या तबकडीवर बरंच काही फसलंही आहे. पण मुकं कोणी नाही.

याच न्यायाने मी लेड झेपलिनचीही बाजू घेतो, आणि त्याबद्दल मला शिव्या बसतील. ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’ त्यांनी १९७६मध्ये स्वतःच्या नावावर छापलं, जॉन्सनचं नाव नाही. ही चोरी आहे आणि तिला दुसरा शब्द नाही. पण सुरुवातीला प्लँटचा गळा पेजच्या गिटारला स्वरन् स्वर चिकटून चालतो ना, ते जॉन्सनकडून खरोखर शिकलेलं आहे. चोराला घरातली मौल्यवान वस्तू कुठली ते कळलं. आदर करणाऱ्यांनी उंबरठ्याचं माप घेतलं.

रॉबर्ट विल्किन्सचं उदाहरण या वादात कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो. १९२९मध्ये त्याने ‘दॅट्स नो वे टू गेट अलाँग’ हा ब्लूज मुद्रित केला. पुढे तो धर्मोपदेशक झाला, ब्लूज सोडला, आणि तेच गाणं उधळ्या पुत्राच्या बायबलातल्या कथेवर बेतून पुन्हा गायला. चाल तीच, गिटारही बव्हंशी तीच. एक गाणं देवाचं, एक नाही. आता ते ओठ मिटून वाजवणाऱ्याने मला सांगावं, की यातलं कुठलं वाजवतोयस बाबा? बोटांना हे माहीत नसतं. खुद्द डेव्हिसला हा फरक फार टोचायचा. लोकांसमोर ब्लूजचे शब्द तोंडातून काढायला तो अनेक वर्षं तयार नसे. ‘कँडीमॅन’सारखी गाणी बोटांनी वाजवायचा, तोंड बंद ठेवायचा. म्हणजे ओठ मिटून वाजवण्याची रीत त्याच्याकडे होती, पण ती पापाच्या गाण्यांसाठी! आपण त्याची देवाची गाणी उचलून त्या रांगेत नेऊन बसवतो आणि त्याला आदरांजली म्हणतो. १९१८च्या फ्लूच्या साथीवरचं जॉन्सनचं ‘जीझस इज कमिंग सून’सुद्धा परवाच्या साथीच्या काळात मी मुक्याने वाजवलेलं ऐकलं. छान होतं. साथ तेवढी त्यात नव्हती.

आम्ही श्रद्धाळू नाही, येशूची गाणी कुठल्या तोंडाने म्हणू, असा प्रामाणिक प्रश्न काही वादक विचारतात. त्यांनी डेव्ह व्हॅन राँक ऐकावा. पक्का डावा, ट्रॉट्स्कीवादी माणूस. देवाधर्माशी काही देणंघेणं नाही. ‘फोकसिंगर’ या तबकडीवर तो ‘सॅमसन अँड डिलायला’ गातो ते देऊळ डोक्यावर कोसळावं अशा आवाजात. डेव्हिसच्या पायाशी बसला होता तो, आणि तिथून तो अंगठाच तेवढा घेऊन आला नाही. श्रद्धा नसेल तर नसू दे. गाण्यात कोणीतरी कोणालातरी हाक मारतंय, ती हाक मारायला श्रद्धा लागत नाही. राहिला गळ्याचा प्रश्न. डेव्हिसचा गळा कुठे गोड होता? जॉन्सनचा तर ऐकवत नाही म्हणणारे लोक मला भेटले आहेत. आणि अगदीच गाता येत नसेल तर गाणारा शोधावा. जॉन्सनने आपल्या मुद्रणांत विली बी. हॅरिसचा आवाज घेतला. तिच्या उत्तरांनी ती गाणी भरली आहेत. फ्रेड मॅकडॉवेल हा तर स्वतः पट्टीचा गाणारा. त्याने १९६६च्या तबकडीसाठी मिसिसिपीतल्या कोमो गावच्या हंटर्स चॅपल चर्चमधली गाणारी मंडळी बरोबर घेतली, त्यात त्याची बायको ॲनी मे होती, आणि तो सबंध वेळ त्यांच्या मागे वाजवत राहिला. त्यातल्या गिटारचे टॅब मी अजून कोणी विकताना पाहिले नाहीत. विकायला हवेत असंही नाही, पण एखाद्याने ते उतरवून घेतलेच तर त्याने आधी चार गाणारी माणसं जमवावीत, नाहीतर त्यात वाजवायला फारसं काही सापडायचं नाही.