जॉन माल्कम : चरित्र आणि दुभाषाची भूमिका

सैनिकाचा राज्यकर्ता झाला म्हणजे त्याच्या चरित्रकाराला एक तयार साचा सापडतो. पूर्वार्धात तलवार, उत्तरार्धात लेखणी आणि मधल्या भागात दोहोंना जोडणारी मुत्सद्देगिरी, अशी ती मांडणी असते. १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कमचे चरित्र बहुधा याच साच्यात घातले गेले आहे. जॉन विल्यम के याने १८५६ साली प्रसिद्ध केलेले द्विखंडात्मक चरित्र पत्रव्यवहाराने समृद्ध असले, तरी नायकाचा चढता उत्कर्ष दाखविणे हाच त्याचा हेतू आहे. २०१४ साली माल्कमच्याच नावाच्या एका लेखकाने लिहिलेल्या विस्तृत चरित्राच्या उपशीर्षकात सैनिक, मुत्सद्दी आणि विचारप्रणेता अशा तीन भूमिका सांगितल्या आहेत. या तिन्ही भूमिकांना आधारभूत झालेली चौथी भूमिका मात्र त्या शीर्षकात नाही. ती भूमिका दुभाषाची होय.

माल्कमचा जन्म १७६९ साली स्कॉटलंडमधील डम्फ्रीस परगण्यात, सतरा भावंडांच्या ओढगस्तीच्या कुटुंबात झाला. १७८३ साली, चौदा वर्षांच्या आतबाहेर असताना, तो कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन मद्रासेस आला. त्याच्यासारखे तरुण अधिकारी शेकड्यांनी होते. त्यांतून तो वेगळा निघाला तो फारसीच्या अभ्यासामुळे. १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत निजामाच्या फौजेबरोबर असलेल्या तुकडीचा फारसी दुभाषी म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि पुढील सर्व उत्कर्षाचा पाया येथे घातला गेला. इराणच्या दरबारातील वकिली, १८१५ सालचा इराणचा इतिहास आणि हिंदुस्थानी संस्थानिकांशी झालेल्या वाटाघाटी या सर्वांच्या मुळाशी भाषेचे ज्ञान आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेशी झालेल्या लढाईत तो आघाडीवर होता. परंतु अवघ्या काही दिवसांनी, जानेवारी १८१८ मध्ये, मंदसोर येथे त्याच होळकरांशी तह ठरविणाराही तोच होता. एकाच हाताने लढणे आणि तहाची कलमे घालणे हे त्या काळी अपूर्व नव्हते. माल्कमच्या बाबतीत ते नित्याचे झाले, हे विशेष.

दुभाष्याच्या कामात शब्दाची निवड ही राजकीय कृती असते. याचे ठळक उदाहरण दुसऱ्या बाजीरावाच्या शरणागतीत सापडते. जून १८१८ च्या आरंभी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्या वेळी माल्कमने त्याला वर्षास किमान आठ लक्ष रुपयांच्या वेतनाची हमी दिली. रक्कम फार झाली असे गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जचे मत पडले, आणि चरित्रकारांची चर्चा बहुधा या रकमेभोवतीच फिरते. परंतु अधिक दूरगामी ठरली ती त्या अटींची शब्दयोजना. वेतन बाजीरावाच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी आहे, असा तीत निर्देश होता. १८५१ साली बाजीराव वारला तेव्हा कंपनी सरकारने ते वेतन व्यक्तिगत मानून बंद केले. नानासाहेबाने त्याच ‘कुटुंब’ या शब्दावर आपला दावा उभारला. ज्या कागदाने एक युद्ध लवकर संपविले, त्याच कागदातील एक शब्द तेहतीस वर्षांनी नव्या वैराचे निमित्त झाला. तो शब्द माल्कमने केवळ औदार्याने घातला की बाजीरावाला लवकर वश करून घेण्यासाठी घातला, हा प्रश्न गौण आहे. संदिग्ध शब्दाने तत्काळचे काम साधते आणि त्याची किंमत पुढच्या पिढीला द्यावी लागते, हे येथे महत्त्वाचे.

माल्कमचा मराठी अभ्यासकांशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’ या १८२३ सालच्या ग्रंथामुळे. १८१८ पासून माळव्याची व्यवस्था पाहत असताना जमविलेल्या माहितीवर हा ग्रंथ आधारलेला आहे. त्यातील अहल्याबाई होळकरांचे चित्र पुढील चरित्रलेखनाचा एक मुख्य आधार ठरले. स्कॉटिश कवयित्री जोआना बेली हिने अहल्याबाईंवर लिहिलेल्या काव्याचे मूळही याच ग्रंथात आहे. अहल्याबाईंचा मृत्यू १७९५ सालचा. माल्कम माळव्यात आला तेव्हा त्यांचा कारभार पाहिलेली माणसे हयात होती. माहिती प्रथम होळकरांच्या आप्ताश्रितांकडून मिळाल्याने तीत अतिशयोक्ती असेल, असा संशय त्याला आला. म्हणून त्याने इतर थरांतील व इतर ठिकाणच्या लोकांकडे चौकशी केली आणि स्तुतीला बाध येईल असे काही आढळले नाही, अशी ग्वाही दिली. साक्षीची अशी पडताळणी करणारा लेखक त्या पिढीत सामान्य नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

तथापि या ठिकाणी भाषाभ्यासकाला थांबावे लागते. साक्षीदारांच्या आठवणी मराठीत किंवा माळव्याच्या बोलीत, होळकरांच्या घरचे कागद मोडीत, आणि ग्रंथ मात्र इंग्रजीत. मराठी बोलणारा माणूस स्वतः पाहिलेली गोष्ट एका रीतीने सांगतो आणि ऐकलेल्या गोष्टीला ‘म्हणे’ ही पुस्ती जोडतो. या एका शब्दाने वक्त्याची जबाबदारी मर्यादित होते. इंग्रजी निवेदनात त्याला नेमका प्रतिशब्द नाही, आणि जेथे लेखक साक्ष एकत्र करून आपल्या भाषेत मांडतो तेथे पाहिलेले व ऐकलेले यांची सीमा पुसट होण्याचा धोका राहतो. तोच मजकूर इंग्रजीतून पुन्हा मराठीत आला म्हणजे हरवलेला ‘म्हणे’ परत येत नाही. त्याच्या जागी माल्कमचा निर्वाळा बसतो. यामुळे अहल्याबाईंची थोरवी उणी होत नाही. त्यांची कीर्ती त्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांत व देशभरच्या घाटमंदिरांत स्वतंत्रपणे उभी आहे. पण माल्कमचा आधार घेणाऱ्याने तो साक्षीदार आहे की साक्षींचा संकलक, हे प्रत्येक वाक्याशी विचारले पाहिजे.

गव्हर्नर या नात्याने माल्कमने जी राज्यपद्धती आचरिली, तिचे मर्म माळव्यातच ठरलेले होते. कोणाही फिर्यादीस अधिकाऱ्याचे चारी दरवाजे खुले असावेत, हे त्याचे आवडते सूत्र होते. या सूत्राची कसोटी मुंबईत लागली. पुण्याच्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलास त्याच्या पालकाच्या ताब्यातून आपल्यापुढे हजर करण्याचा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने काढला. मुंबई बेटाबाहेरील रयतेवर कोर्टाचा असा अधिकार चालत नाही, असे म्हणून माल्कमच्या सरकारने तो अमलात आणण्याचे नाकारले. न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट याने १८२९ साली कोर्टाचे काम बंद ठेवले. अखेर त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय सरकारच्या बाजूने झाला.

चरित्रकारांना या प्रसंगात दोन करारी पुरुषांची झुंज दिसते. रयतेच्या बाजूने पाहता प्रश्न निराळा होता. पुण्याच्या पश्चिमेस पौडच्या वाटेवर असलेल्या भूगावचा एखादा पाटील घेतला, तर त्याच्या दृष्टीने घाटाखालचे कोर्ट हे परक्या भाषेचे व परक्या कायद्याचे स्थान होते. पुण्याचा कलेक्टर निदान गाठता येण्याजोगा होता. माल्कमचा युक्तिवाद या वस्तुस्थितीवर उभा होता आणि म्हणून त्यात तथ्य होते. परंतु त्याच युक्तिवादाने त्या पाटलाला कलेक्टरविरुद्ध दाद मागण्याची एक जागाही बंद झाली. दार उघडे ठेवणारा आणि दाराच्या आत न्याय देणारा एकच असावा, ही सैनिकी छावणीतील रीत होय. माल्कमच्या ठायी सैनिक संपून गव्हर्नर सुरू झाला असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

शिक्षणविषयक टिपणात हाच स्वभाव भाषेच्या प्रश्नावर प्रकट होतो. इंग्रजीचे अर्धवट ज्ञान एतद्देशीयांत सर्वत्र पसरणे अशक्य आहे, याचे त्याला समाधान वाटत होते. कारण तसे झाल्यास कंपनीच्या नोकरांवर देशी भाषा शिकण्याची जी सक्ती आहे ती ढिली पडेल, आणि त्या भाषांवाचून ते आपल्या कामास लायक होणार नाहीत, असे त्याचे मत होते. देशी भाषांचा हा कैवार मराठी वाचकाला सुखावणारा आहे. पण येथे देशी भाषेचे मूल्य राज्यकर्त्याला ती कळावी यासाठी आहे. तिच्या भाषकांनी तिच्यात नवे ज्ञान निर्माण करावे, हा विचार त्या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश याच काळात सिद्ध होत होता आणि तो १८३१ साली प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थही मूळचा सैनिकच. त्या कोशाची दिशा मराठीकडून इंग्रजीकडे होती, हा योगायोग मानता येत नाही. तरीही आज मराठीच्या शब्दसंपत्तीचा कोणताही अभ्यासक त्या कोशावाचून पुढे जाऊ शकत नाही. हेतू राज्याचा आणि फळ भाषेचे, असा हा व्यवहार होता.

डिसेंबर १८३० मध्ये माल्कमने मुंबई सोडली आणि १८३३ साली तो लंडन येथे वारला. महाबळेश्वरची पेठ त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि बोरघाटातील गाडीरस्ता त्याच्याच कारकिर्दीत, १८३० साली, खुला झाला. ही त्याची दृश्य स्मारके. त्याचे खरे अवशेष मात्र तहांच्या कलमांत, साक्षींच्या संकलनांत आणि मिनिटांच्या भाषेत विखुरलेले आहेत. त्यांचे वाचन करताना त्याची स्तुती किंवा निंदा करणे सोपे आहे. अधिक अवघड आणि अधिक उपयुक्त काम आहे ते त्याच्या प्रत्येक वाक्यामागे मूळ बोलणारा कोण व कोणत्या भाषेत बोलला होता, याचा शोध घेण्याचे. तो शोध घेतला जाईल तेव्हाच माल्कमच्या चरित्रातून मराठी माणसांचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागेल.