वेदीवरील चित्र आणि विद्यापीठातील वर्ग

कलेचा इतिहास हा विद्यापीठात पदवीसाठी शिकण्याचा विषय आहे, हे आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांना अजून अपरिचित आहे. चित्रकला शिकणे निराळे आणि चित्रकलेचा इतिहास व तत्त्वविचार शिकणे निराळे. पहिल्यात हात घडतो, दुसऱ्यात डोळा घडतो. डोळा घडवून पोट कसे भरणार, ही आईवडिलांची शंका रास्तच आहे. परंतु प्रस्तुत लेखात तिच्याही आधीचा एक प्रश्न विचारात घ्यायचा आहे. ही विद्या पाहायला नेमके काय शिकवते? आणि जे चित्र मुळात प्रार्थनेसाठी रंगवले गेले, त्याला ती न्याय देते काय?

या विद्येचे कुळ पाहिले म्हणजे प्रश्नाचे मर्म ध्यानात येते. इटलीतील जॉर्जो वासारी याने 1550 मध्ये चित्रकार-शिल्पकारांची चरित्रे प्रसिद्ध केली, तेथून तिचा उगम मानतात. विद्यापीठात तिला आसन मिळाले ते मात्र एकोणिसाव्या शतकात, जर्मनीत. त्याच कालखंडात युरोपातील अनेक मठ बंद पडत होते आणि वेद्यांवरील चित्रे संग्रहालयांच्या भिंतींवर जाऊन पोहोचत होती. लूव्र संग्रहालय 1793 मध्ये जनतेसाठी खुले झाले. म्हणजे ही विद्या वाढली ती वेदीपासून दुरावलेल्या चित्रांच्या सहवासात. तिचे सामर्थ्य आणि तिची उणीव, दोन्हींचे बीज येथेच आहे.

आपल्या देशात स्टेला क्रामरिश यांनी कलकत्ता विद्यापीठात भारतीय कलेचे अध्यापन केले. स्वातंत्र्यानंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा उभी राहिली. हर्मान गोएट्झ यांच्यासारख्या जर्मन विद्वानाने तेथे कलेतिहास शिकवला. चित्र काढणारे आणि चित्राचा इतिहास अभ्यासणारे विद्यार्थी तेथे एकाच छपराखाली वावरले, हे बडोद्याचे वैशिष्ट्य होय. गुलाम मोहम्मद शेख यांनी तर चित्रकार असून इतिहासही शिकवला.

आता या वर्गात काय शिकवतात ते पाहू. पहिला धडा रूपाचा. हाइनरिख व्योल्फलिन या स्विस पंडिताने दोन प्रोजेक्टर वापरून दोन चित्रे शेजारी-शेजारी दाखवण्याची पद्धत रूढ केली. एकीकडे ड्यूररची रेषा, दुसरीकडे रेम्ब्रांटचा छायाप्रकाश. 1915 च्या आपल्या ग्रंथात त्याने अशा पाच जोड्यांतून शैलींतील भेद मांडला. या पद्धतीचे ऋण मोठे आहे. 'छान आहे' असे म्हणून पुढे सरकणाऱ्या माणसाला ती थांबवते आणि काय छान आहे, कशामुळे आहे, असा जाब विचारते. परंतु पडद्यावर सर्व चित्रे एकाच मापाची होतात. मोठ्या वेदीवरचा क्रूसावरील प्रभू आणि फळांची परडी यांचे आकारमान तेथे सारखेच भासते. गुडघे टेकून वर पाहणाऱ्या भाविकाची जागा त्या वर्गात कोठेच नसते.

दुसरा धडा अर्थाचा. एर्विन पानोफ्स्की यांना ज्यू असल्यामुळे 1933 मध्ये नाझी राजवटीत हाम्बुर्गमधील अध्यापनाचे पद गमवावे लागले. पुढे अमेरिकेत त्यांनी 1939 च्या ग्रंथात अर्थाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी जे दिसते ते ओळखायचे. मग ती कोणती कथा आहे हे ग्रंथांच्या आधारे ठरवायचे. अखेर त्या युगाची जीवनदृष्टी तीत कशी उतरली आहे ते शोधायचे. मरियेजवळ लिलीचे फूल का असते, हे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलालाही ठाऊक असते. पानोफ्स्की त्या ज्ञानाला शास्त्राची शिस्त लावतात. दोष एवढाच की, या पद्धतीच्या अतिरेकाने चित्र हे कोडे होऊन बसते. यान व्हान आइकच्या 1434 च्या दांपत्यचित्रातील एकच पेटती मेणबत्ती, पायाशी उभा कुत्रा, उतरवून ठेवलेली पादत्राणे या सर्वांत पानोफ्स्कींनी विवाहसंस्काराची चिन्हे पाहिली. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. कुत्रा हा कधीकधी घरातला कुत्राच असतो.

तिसरा धडा माझ्या मते सर्वांत मोलाचा. मायकेल बॅक्सांडॉल यांचे पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकलेवरील पुस्तक 1972 मध्ये निघाले. आकाराने लहान; पण त्याने चित्र पुन्हा माणसांत आणून बसवले. चित्र पाहणारा डोळा रिकामा नसतो. तो आपल्या काळाच्या सवयी घेऊन येतो, हे त्यांचे सूत्र. पिपांचे माप नजरेने अजमावणारा व्यापारी चित्रातील घनाकारही त्याच नजरेने पाहतो. फ्लॉरेन्समधील अनाथ बालकांच्या आश्रमाच्या वेदीसाठी गिर्लांदायोशी 1485 मध्ये करार झाला. निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचाच असावा, अशी अट त्यात आहे. भक्ती आणि हिशेबाची वही एकाच कागदावर! याने चित्राचे पावित्र्य उणावत नाही. ते कोणाच्या घामातून आणि कोणाच्या थैलीतून उभे राहिले, एवढे कळते.

याच पुस्तकात बॅक्सांडॉल फ्रा रोबेर्तो या फ्रान्सिस्कन प्रवचनकाराकडे वळतात. देवदूताच्या संदेशाच्या वेळी मरियेच्या मनाच्या पाच अवस्था त्याने आपल्या प्रवचनात सांगितल्या होत्या: अस्वस्थता, चिंतन, प्रश्न, नम्र स्वीकार आणि देवदूत गेल्यानंतरचा कृपालाभ. प्रवचन ऐकणारे लोक चित्रापुढे उभे राहिले की यांतील कोणती अवस्था चित्रकाराने घेतली आहे हे ओळखत. मुलांना पोथ्यांबाहेरची कला शिकवताना प्रवचनही पुरावा ठरू शकते, हे विद्यापीठाने येथे मान्य केले. धर्मगुरूंनी याचा अभिमान बाळगण्याऐवजी त्यातील जबाबदारी ओळखावी: आपण जसे बोलतो, तसे लोक पाहू लागतात.

तरीही या पुस्तकाची एक मर्यादा आहे. त्यातील डोळा मुख्यत्वे चर्चला जाणाऱ्या सुखवस्तू व्यापाऱ्याचा आहे, आणि लेखक ते लपवत नाही. करार करणाऱ्याची नजर आपल्याला मिळते. कराराशी ज्यांचा संबंध नव्हता, त्या मागच्या रांगेतील स्त्रीची नजर मिळत नाही. कागदपत्रांत तिची नोंद नाही हे खरे, पण त्या चित्रापुढे सर्वाधिक मेणबत्त्या कदाचित तिनेच लावल्या असतील.

हान्स बेल्टिंग यांचा 1990 चा ग्रंथ हे रिकामे दालन उघडतो. प्रतिमा ही 'कला' म्हणून पाहिली जाण्याआधी तिची मिरवणूक निघे, तिला नवस बोलले जात, संकटात तिला साकडे घातले जाई; त्या युगाचा हा इतिहास आहे. प्रबोधनकाळात प्रतिमेचे युग ओसरले आणि कलेचे युग सुरू झाले, असा त्यांचा सिद्धांत. युरोपच्या संदर्भात तो मननीय आहे. परंतु वसई किंवा गोव्याच्या वाचकाला तो जसाच्या तसा पटणे कठीण. सणाच्या दिवशी जी मूर्ती खांद्यावर निघते, तिच्यावर कोणी प्रबंधही लिहू शकतो. आपल्याकडे ही दोन्ही युगे एकाच अंगणात नांदतात. येथील अभ्यासकाने त्या सिद्धांतात भर घालावी ती नेमकी याच ठिकाणी.

गोव्यात सतराव्या शतकात घडलेल्या हस्तिदंती 'उत्तम मेंढपाळा'चे उदाहरण घ्या. बाल येशू पायांवर पाय टाकून बसला आहे, गाल हातावर टेकला आहे, डोळे मिटलेले आहेत, खांद्यावर कोकरू आहे. खाली टप्प्याटप्प्यांचा डोंगर, त्यात झरा आणि पाणी पिणाऱ्या मेंढ्या. तळाशी गुहेत मग्दालिया मरिया पहुडलेली. रूपाचा विद्यार्थी येथे ध्यानस्थ बुद्धाची छटा पाहील. अर्थाचा विद्यार्थी शुभवर्तमानाची पाने उलटेल. आणि तिसरा विचारील की हस्तिदंत कोरणारा भारतीय कारागीर कोण होता आणि ही मूर्ती कोणाच्या घरातील वेदीसाठी होती. एकट्याने कोणीच पुरा पडत नाही. तिघांची उत्तरे एकत्र आली की मूर्ती बोलू लागते.

अलीकडच्या 'सिद्धांता'च्या अभ्यासक्रमाविषयी एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. सत्ता, लिंगभाव, वसाहतवाद यांचे प्रश्न कलेला विचारलेच पाहिजेत. ते न्याय्य प्रश्न आहेत. पण कधीकधी परिभाषेचे धुके इतके दाटते की चित्र दिसेनासे होते. जो विद्यार्थी मूर्तीसमोर अर्धा तास उभा राहिलेला नाही, त्याने तिच्यावर वीस पाने लिहू नयेत. सिद्धांत हा चष्मा आहे. चष्म्याकडेच पाहत बसायचे नसते.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात जिना चढताच फ्रा अँजेलिकोचे देवदूत-संदेशाचे भित्तिचित्र समोर येते. मरिया हात छातीशी जुळवून, किंचित पुढे झुकून बसली आहे. फ्रा रोबेर्तोच्या यादीतील नम्र स्वीकार हाच. चित्राखालील लेख येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतो की येथून जाताना 'नमो मरिया' म्हणण्यास चुकू नकोस. आज तो मठ संग्रहालय आहे. विद्यापीठ त्या लेखाची लिपी, काळ, भाषा सांगू शकते. त्याची आज्ञा पाळणे हा विद्यापीठाचा विषय नव्हे. परंतु ती आज्ञा तेथे आहे हे जो विद्यार्थ्याला दाखवतो, तोच खरा कलेतिहासकार. या विद्येकडून श्रद्धेची अपेक्षा करू नये. प्रामाणिकपणाची मात्र अवश्य करावी. तिच्या उत्तम ग्रंथांनी ती पुरवली आहे.

ख्रिस्तसभेनेही आपली बाजू पाळायची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजातील 129 वा परिच्छेद सांगतो की धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यांना पवित्र कलेचा इतिहास व तत्त्वे शिकवावीत, म्हणजे ते जुना ठेवा जपतील आणि कलावंतांना योग्य सल्ला देतील. हे शिक्षण जेथे पोहोचत नाही, तेथे सण जवळ आला की जुन्या लाकडी संतमूर्तीवर चकचकीत ऑइलपेंटचा हात फिरतो. हेतू भक्तीचाच असतो. पण त्या रंगाखाली जो मूळ मुलामा, जी कोरीव पापणी, जो अनामिक कारागीर गाडला जातो, तो परत आणणे फार कठीण, कित्येकदा अशक्यच असते. गोव्यात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय 1994 मध्ये राशोल येथे सुरू झाले आणि 2002 मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले, ही समाधानाची गोष्ट. तथापि प्रत्येक मूर्ती संग्रहालयात जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. तिचे घर वेदी हेच आहे, आणि त्या घरात तिला ओळखणारा एक तरी माणूस हवा.

म्हणून एखाद्या घरातील मुलीने कलेचा इतिहास शिकायचे मनात आणले, तर आईवडिलांनी पोटापाण्याचा प्रश्न जरूर विचारावा, परंतु तो विचारून झाल्यावर तिला जाऊ द्यावे. आणि ती शिकून परतली की धर्मग्रामाने मूर्तीला रंग देण्याआधी तिचे मत घ्यावे.