कोसळलेले संकट आणि ओढवून घेतलेले संकट : संकट-व्यवस्थापनाच्या विचाराचे एक परीक्षण

संकटासंबंधी मराठीत दोन क्रियापदे रूढ आहेत. संकट ‘कोसळते’ आणि संकट ‘ओढवून घेतले’ जाते. पहिल्या प्रयोगात मनुष्य केवळ भोक्ता असतो. दुसऱ्यात तो कर्ताही असतो. व्यवसायसंस्थांतील संकट-व्यवस्थापन ह्या नावाने जो अभ्यासविषय गेल्या चार दशकांत वाणिज्य व व्यवस्थापन ह्या शाखांत स्थिर झाला, त्याला हा भेद अज्ञात आहे असे नव्हे. परंतु त्याने आपला आदर्श पहिल्या प्रकारातून घेतला आणि तोच दुसऱ्या प्रकारासही लागू केला. ह्या एका गोष्टीमुळे त्या विषयाचे अध्यापन कसे एकांगी झाले आहे, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम व्याख्येचा विचार करू. चार्ल्स हर्मन ह्यांनी १९६३ साली संघटनेवरील संकटाची तीन लक्षणे सांगितली : संघटनेच्या प्रमुख मूल्यांस धोका, निर्णयास अपुरा अवधी आणि घटनेची अनपेक्षितता. पुढील बहुतेक व्याख्या ह्याच तीन लक्षणांभोवती फिरतात. त्यांपैकी तिसरे लक्षण मात्र बारकाईने तपासावयास हवे. अनपेक्षित म्हणजे कोणास अनपेक्षित? यंत्रावर काम करणाऱ्यास जे वर्षभर आधी ठाऊक असते, ते संचालकमंडळास अनपेक्षित असू शकते. अशा वेळी अनपेक्षितता हे घटनेचे लक्षण राहत नाही; संघटनेतील माहिती कोठे अडली, ह्याचे ते चिन्ह ठरते.

स्टीव्हन फिंक ह्यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात वैद्यकातील परिभाषा घेऊन संकटाच्या चार अवस्था कल्पिल्या. पूर्वलक्षणांच्या अवस्थेस त्यांनी त्यांत मानाचे स्थान दिले आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तथापि रोगाची उपमा स्वीकारली की संस्था ही रोगी ठरते, आणि रोग्याविषयी आपण सहानुभूती बाळगतो. त्याचा जबाब घेत नाही. टिमथी कूम्ब्स ह्यांची २००७ मधील मांडणी अधिक सूक्ष्म आहे. संस्था स्वतःच बळी पडली आहे, अपघात घडला आहे, की टाळता येण्याजोगी चूक झाली आहे, असे तीन गट पाडून प्रत्येक गटास अनुरूप असे उत्तर ती सुचविते. बाधित लोकांस सावध करणे हे पहिले कर्तव्य होय, असेही ते बजावतात. पण त्यापुढचा सारा प्रपंच प्रतिष्ठेचे रक्षण कसे करावे ह्याचाच आहे. दोष कोणाचा, ह्यापेक्षा लोक तो कोणाच्या माथी मारतील, हा तेथील मुख्य प्रश्न होतो.

आता ज्या उदाहरणाशिवाय ह्या विषयाचे एकही पाठ्यपुस्तक पुरे होत नाही, त्याकडे वळू. १९८२ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेतील शिकागो व आसपासच्या भागात टायलेनॉल ह्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलांत कोणीतरी सायनाइड भरले आणि सात माणसे दगावली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे अध्यक्ष जेम्स बर्क ह्यांनी देशभरातून सुमारे ३ कोटी १० लक्ष बाटल्या परत मागविल्या. त्यापायी दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च सोसला. आणि नोव्हेंबरात तिहेरी मोहोर असलेल्या वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणले. बाजारातील वाटा सुमारे ३५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या आसपास घसरला होता, तो वर्षभरात बहुतांशी परत मिळाला. कंपनीचे १९४३ चे ध्येयपत्र ग्राहकास भागधारकाच्या आधी स्थान देते, आणि हे यश त्या ध्येयपत्राचेच फळ होय, असा निष्कर्ष विद्यार्थ्यांस सांगितला जातो.

बर्क ह्यांचा निर्णय धैर्याचा होता, ह्यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्याच्या प्रातिनिधिकतेचा. येथे विष बाहेरच्या माणसाने घातले होते. कंपनीच्या कारखान्यात काही चुकले नव्हते. जे सत्य सांगावयाचे ते कंपनीच्या बाजूचेच होते. प्रामाणिकपणा आणि हित एकाच दिशेने चालत असतील, तर त्या प्रामाणिकपणाची कसोटी लागली असे म्हणता येत नाही. शिवाय पाठ्यपुस्तकांतील ही कथा सहसा १९८३ साली संपते. फेब्रुवारी १९८६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ह्याच औषधाच्या कॅप्सूलमधील सायनाइडने आणखी एक स्त्री मरण पावली, आणि त्यानंतरच कंपनीने ग्राहकांस थेट विकावयाच्या औषधांत कॅप्सूल वापरणे सोडले. वेष्टन बदलले, तरी उघडून पुन्हा मिटता येणारी कॅप्सूल तीच राहिली होती.

ह्याहून उद्बोधक आहे ते पुढचे प्रकरण. टायलेनॉल बनविणाऱ्या मॅकनील ह्या त्याच समूहातील कंपनीकडे मे २००९ मध्ये लहान मुलांच्या पातळ औषधात काळे कण दिसल्याची तक्रार आली. उत्पादनातच दोष होता; त्या औषधांत धातूचे कण गेले होते. औषधे मोठ्या प्रमाणावर परत मागविली गेली ती एप्रिल २०१० च्या अखेरीस, सुमारे वर्षभराने. त्याच सुमारास मोट्रिन ह्या दुसऱ्या एका औषधाचा सदोष साठा, जाहीर सूचना न देता, कंत्राटी माणसांकरवी सामान्य गिऱ्हाइकांप्रमाणे दुकानांतून विकत घेवविला गेल्याचे अमेरिकी काँग्रेसपुढील चौकशीत उघड झाले. काळ्या कणांच्या प्रकरणी मॅकनीलने २०१५ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि अडीच कोटी डॉलर भरले. समूह तोच, ध्येयपत्र तेच, पूर्वपुण्याईही तीच. फरक एवढाच की ह्या वेळी दोष घरचा होता. म्हणजे १९८२ च्या यशाचे कारण ध्येयपत्रात शोधणारा निष्कर्ष फारच अपुरा ठरतो. संकट कोठून आले, हा प्रश्न त्याने विचारातच घेतलेला नाही.

महाराष्ट्रातील एक प्रकरण ह्या दोन टोकांच्या मध्ये बसते. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या सापडल्या. दुकानदारांनी माल नीट साठविला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. मग वेष्टन सदोष नव्हते काय, असा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा प्रतिप्रश्न होता. कंपनीने २००४ च्या आरंभी अधिक बंदिस्त वेष्टन आणले आणि अमिताभ बच्चन ह्यांच्याकरवी जाहिरात केली. विपणनाच्या वर्गात चर्चा होते ती बहुधा जाहिरातीची. वस्तुतः विचार करण्याजोगे आहे ते वेष्टन. उष्ण व दमट हवेत, छोट्या दुकानांतून विकावयाच्या पदार्थाचे वेष्टन त्या दुकानांच्या परिस्थितीस धरून असावे, हे ज्ञान अळ्या दिसण्यापूर्वीही मिळविता आले असते.

अखेर भोपाळ. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि हजारो माणसे मेली. त्या रात्रीच्या आधीचा इतिहास असा : डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीनने एक कामगार दगावला होता. १९८२ च्या मे महिन्यात अमेरिकेतून आलेल्या तपासणी-पथकाने सुरक्षिततेतील उणिवा लिहून दिल्या होत्या. राजकुमार केसवानी ह्या स्थानिक पत्रकाराने त्याच वर्षापासून वृत्तपत्रांतून धोक्याचा इशारा दिला होता. टाकीतील द्रव थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती. निसटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. काटकसरीसाठी संबंधित विभागातील प्रत्येक पाळीचे कामगार १२ वरून ६ वर आणले होते. ह्यांतील कोणतीही गोष्ट आकाशातून पडलेली नव्हती. प्रत्येकीमागे व्यवस्थापनाचा एकेक निर्णय किंवा निर्णयाचा अभाव होता. कंपनीने पुढे घातपाताचा सिद्धान्त मांडला, तो ह्या पार्श्वभूमीवर वाचावा. ओढवून घेतलेले संकट कोसळलेले म्हणून दाखविण्याचा तो प्रयत्न होता, असे म्हणावयास हरकत नाही. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरविणारा निकाल २०१० साली लागला.

ह्यावर असा आक्षेप येईल की संकटकाळी लोकांशी योग्य रीतीने बोलणे हेही प्राण वाचविणारे कार्य आहे. त्यास गौण का लेखावे? आक्षेप रास्त आहे. भोपाळमध्ये तर ह्या बोलण्याच्या अभावीच हानी वाढली. कुंपणाबाहेरच्या वस्त्यांस आत काय साठविले आहे आणि ते निसटल्यास काय करावे, हे कोणी सांगितलेले नव्हते. परंतु हे बोलणे संकटानंतरचे नव्हे, संकटापूर्वीचे आहे. आणि त्याचा विषय संस्थेची प्रतिष्ठा नसून शेजाऱ्याचा जीव हा आहे. भारतीय कायद्याने हा धडा घेतला. कारखाना अधिनियमात १९८७ साली जी सुधारणा झाली, तिने धोकादायक उद्योगांच्या चालकांवर कामगारांस, शासनास आणि परिसरातील जनतेस धोक्याची माहिती देण्याचे बंधन घातले. आमच्या वाणिज्यशाखेत हे कलम औद्योगिक कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत जाते आणि संकट-व्यवस्थापन जनसंपर्काच्या. ही फाळणीच चुकीची आहे.

ह्याला पर्यायी विचार उपलब्ध नाही असे नव्हे. बॅरी टर्नर ह्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्येच दाखविले होते की मोठ्या दुर्घटनांपूर्वी एक दीर्घ उबवणीचा काळ असतो, व त्यात दुर्लक्षित सूचना साचत जातात. त्याच्या अभ्यासात वेल्समधील ॲबरफॅन येथील १९६६ ची दुर्घटना आहे. तेथे खाणीच्या राबाची टेकडी शाळेवर घसरली आणि १४४ जण मेले, त्यांत ११६ मुले होती. आणि त्या टेकडीविषयीच्या स्थानिक तक्रारी कितीतरी आधीच्या होत्या. पॉल श्रीवास्तव ह्यांचा १९८७ मधील भोपाळवरील ग्रंथही संकटाची मुळे कारखान्यात आणि भोवतालच्या समाजव्यवस्थेत शोधतो. हे ग्रंथ संदर्भयादीत असतात. वर्गात शिकविले जाते ते टायलेनॉल. ह्याचे कारण उघड आहे. टायलेनॉलची कथा व्यवस्थापकास नायक करते. टर्नर त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो.

सारांश, ह्या विषयाचे यशाचे माप बदलावयास हवे. गेलेला बाजार किती महिन्यांत परत मिळाला, हे माप लेखापालास पुरेसे आहे, अभ्यासकास नाही. पहिली सूचना कोणी दिली, ती कोणत्या पायरीवर थांबली, आणि काम बंद करण्याचा अधिकार जागेवरील कोणास होता की नव्हता, ह्या प्रश्नांची उत्तरे ज्या प्रबंधात नाहीत, त्यास संकटाचा अभ्यास म्हणू नये; तो फार तर संकटोत्तर भाषणांचा अभ्यास होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपले प्रकरण वार्ताहर परिषदेच्या दिवसापासून न लिहिता, पहिल्या तक्रारीच्या तारखेपासून लिहावयास आरंभ करावा. तसे केल्यास संकटांच्या यादीतील कितीतरी नावे पहिल्या क्रियापदाकडून दुसऱ्याकडे जातील, आणि मगच व्यवस्थापन हा शब्द त्यांना यथार्थपणे लावता येईल.